गटांतर्गत उपगटांची रचना : संगणक जाळ्यावरील देखरेखीतील उत्तरदायित्वाचा प्रश्न (संदर्भ : पेणकरपाडा, मीरा-भाईंदर)

प्रस्तावना

बँक, रुग्णालय, महाविद्यालय, महानगरपालिका अशा कोणत्याही संस्थेचे दैनंदिन कामकाज आज संगणकांच्या जाळ्यावर अवलंबून आहे. हे जाळे सुरळीत चालू आहे की नाही, हे दहा-वीस उपकरणांपुरते प्रत्यक्ष पाहता येते. उपकरणांची संख्या शेकड्यांत गेली की ते काम देखरेख-प्रणालीकडे सोपवावे लागते. ही प्रणाली प्रत्येक राऊटर, स्विच, सर्व्हर किंवा कॅमेऱ्याकडे ठरावीक अंतराने विचारणा करते आणि उत्तर आले नाही, अथवा मर्यादेबाहेरचे आले, तर संबंधित कर्मचाऱ्याला इशारा पाठवते.

‘संबंधित कर्मचारी’ म्हणजे नेमका कोण, हा या व्यवस्थेतील कळीचा प्रश्न होय. बहुतेक प्रणालींमध्ये त्याचे उत्तर मोठ्या अंशी उपकरणांचे गट ठरवतात. गटांच्या पोटात उपगट करण्याची सोय उपलब्ध झाल्यापासून ही रचना अधिक सुटसुटीत झाली. तथापि तिचे परिणामही अधिक दूरवर पोहोचू लागले. उपगटांची मांडणी ही केवळ पडद्यावरील नीटनेटकेपणाची बाब नसून तिच्यातून अधिकार, इशारे आणि मौन या तिन्हींचे वाटप होत असते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनासाठी मीरा-भाईंदर महानगरपालिका क्षेत्रातील पेणकरपाडा या स्थळाचा आधार घेतला आहे. या स्थळाविषयीची प्रशासकीय माहिती वास्तव असली, तरी लेखातील संगणक जाळे कल्पित असून ते कोणत्याही कार्यालयाच्या प्रत्यक्ष जाळ्याचे वर्णन नव्हे.

मूलभूत संकल्पना

देखरेख-प्रणालीच्या परिभाषेत जाळ्यावरील ज्या उपकरणावर लक्ष ठेवले जाते त्यास ‘होस्ट’ म्हणतात. समान हेतूने एकत्र आणलेल्या होस्टचा समूह म्हणजे होस्ट गट. एक होस्ट एकाच वेळी अनेक गटांचा सभासद असू शकतो. एखादा गट दुसऱ्या गटाच्या पोटात असल्यास त्यास उपगट आणि वरच्या गटास पालक गट असे संबोधता येईल.

ही कल्पना महाराष्ट्रातील वाचकास नवी नाही. राज्याचे ६ महसुली विभाग, त्यांखाली ३६ जिल्हे आणि जिल्ह्यांखाली ३५८ तालुके ही उतरंड सर्वपरिचित आहे. केंद्र शासनाने २००५ मध्ये मंजूर केलेली राज्यव्यापी जाळ्यांची योजनाही याच उतरंडीवर बेतलेली होती : राज्य मुख्यालय, जिल्हा मुख्यालय आणि तालुका वा गट मुख्यालय अशा पायऱ्यांनी कार्यालये जोडावयाची. साहजिकच अशा जाळ्यावर देखरेख ठेवणाऱ्याच्या मनात पहिली रचना येते ती नकाशाची. ती उपयुक्त असते. परंतु पुरेशी असतेच असे नाही.

उपगट लिहिण्याच्या तीन पद्धती

मुक्त स्वरूपातील तीन प्रसिद्ध प्रणालींनी उपगटांची सोय तीन वेगवेगळ्या रीतींनी केली आहे. त्यांतील भेद समजून न घेता एका प्रणालीची सवय दुसरीत नेल्यास घोटाळा होतो.

पहिली प्रणाली ‘नागिओस’. एथन गाल्स्टॅड यांनी १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ या नावाने ती प्रसिद्ध केली आणि २००२ मध्ये तिचे नामांतर झाले. २००८ मधील तिच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘होस्टग्रुप मेंबर्स’ हा निर्देश समाविष्ट झाला. येथे पालक गटाच्या व्याख्येत उपगटांची नावे लिहावयाची असतात. प्रणाली सुरू होताना उपगटांतील सर्व होस्ट पालक गटाचे सभासद म्हणून गणले जातात. पालक गटावर एखादी तपासणी नेमली, की ती उपगटांतील प्रत्येक उपकरणास लागू होते.

दुसरी प्रणाली ‘आयसिंगा’. २००९ मध्ये ती नागिओसमधून फुटून निघाली आणि २०१४ मध्ये तिची दुसरी पिढी नव्याने लिहिली गेली. या दुसऱ्या पिढीत दिशा उलट आहे : उपगट आपल्या व्याख्येत पालकाचे नाव सांगतो. शिवाय सभासदांची यादी हाताने न लिहिता नियमाने ठरवता येते. ‘ज्या होस्टच्या नोंदीत ठिकाण पेणकरपाडा असे आहे ते सर्व या गटात’ असा नियम एकदा लिहिला, की नवे उपकरण नोंदताच ते आपोआप योग्य गटात पडते.

तिसरी प्रणाली ‘झॅबिक्स’. लॅटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांची ही निर्मिती २००१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्या २०१६ मधील ३.२ या आवृत्तीपासून उपगटांची सोय आहे. येथे वेगळा निर्देश नाही. गटाच्या नावातील तिरकी रेघ हीच पायरी. ‘ठाणे/मीरा-भाईंदर/पेणकरपाडा’ असे नाव दिले, की तीन पायऱ्यांची उतरंड तयार होते. मात्र ही उतरंड नावापुरतीच असते. प्रणालीच्या दृष्टीने प्रत्येक गट ही स्वतंत्र नोंद असते आणि ‘ठाणे’ हा पालक गट अस्तित्वात नसतानाही वरील उपगट निर्माण करता येतो.

नावातील तिरक्या रेघेला झॅबिक्समध्ये दुसरा अर्थ देता येत नाही, ही गोष्ट स्थानिक संदर्भात विशेष लक्षात ठेवावी लागते. मीरा रोड परिसरातील पत्त्यांत ‘बी/२०४’ अशा रीतीने इमारतीची विंग आणि सदनिकेचा क्रमांक लिहिण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. असा पत्ता जसाच्या तसा गटाच्या नावात आल्यास ‘बी’ नावाचा पालक आणि ‘२०४’ नावाचा उपगट अशी अनपेक्षित पायरी तयार होते. अशा ठिकाणी आडवी रेघ वापरणे श्रेयस्कर ठरते.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. नागिओसमध्ये गटाच्या सभासदत्वाबरोबर तपासण्या येऊ शकतात. झॅबिक्समध्ये त्या येत नाहीत. तेथे तपासण्यांचा संच, म्हणजे टेम्प्लेट, प्रत्येक होस्टला जोडावा लागतो. नवे उपकरण योग्य उपगटात ठेवले परंतु टेम्प्लेट जोडले नाही, तर ते यादीत दिसते, त्याची तपासणी मात्र होत नाही. टेम्प्लेटांचे गट आणि होस्टचे गट पूर्वी एकत्रच असत. २०२२ मधील ६.२ या आवृत्तीपासून ते वेगळे करण्यात आले.

पेणकरपाडा : एक स्थळ, अनेक उतरंडी

पेणकरपाडा हे मीरा रोड पूर्वेकडील स्थळ ठाणे जिल्ह्यात व ठाणे तालुक्यात मोडते. २००२ मध्ये स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत ते आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. महसुली उतरंडीत त्याचे स्थान असे निःसंदिग्ध आहे.

परंतु इतर उतरंडी या उतरंडीशी जुळत नाहीत. २०२० मध्ये कार्यान्वित झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात मीरा-भाईंदर हे ठाणे जिल्ह्यातील क्षेत्र आणि वसई-विरार हे पालघर जिल्ह्यातील क्षेत्र एकत्र आले आहे. दूरध्वनीचा संकेतांक मुंबईचाच, म्हणजे ०२२ आहे. ठाणे जिल्ह्याच्या मोठ्या भागात महावितरणची वीज असली, तरी मीरा-भाईंदरमध्ये मुंबई उपनगरांना वीज पुरवणाऱ्या अदाणी इलेक्ट्रिसिटीचा पुरवठा आहे. म्हणजे पेणकरपाड्यातील एखाद्या खांबावरील स्विच महसूलदृष्ट्या ठाण्याचा, पोलीस व्यवस्थेच्या दृष्टीने वसई-विरारचा शेजारी आणि विजेच्या दृष्टीने मुंबई उपनगरांचा सोबती ठरतो.

हा स्विच बंद पडला असता ‘तो कोणत्या गटात आहे’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. वीज गेल्यामुळे तो बंद पडला असेल, तर वीजपुरवठ्याची उतरंड महत्त्वाची. त्यावर पोलिसांचे कॅमेरे असतील, तर आयुक्तालयाची उतरंड महत्त्वाची. दुरुस्तीसाठी माणूस पाठवायचा असेल, तर ठिकाणाची. हे सर्व एकाच लांबलचक नावात कोंबण्याचा मोह होतो : ‘ठाणे/मीरा-भाईंदर/पोलीस/पेणकरपाडा/स्विच’. अशा नावातील प्रत्येक पायरी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. परिणामी ‘सर्व स्विच दाखवा’ किंवा ‘आयुक्तालयातील सर्व उपकरणे दाखवा’ यांपैकी एकही प्रश्न एका पालक गटाने सुटत नाही. एका उतरंडीने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे, हे उपगटरचनेचे पहिले सूत्र या उदाहरणातून निघते.

अधिकारांचे संक्रमण

झॅबिक्समध्ये अधिकार व्यक्तीला थेट दिले जात नाहीत. ते वापरकर्त्यांच्या गटाला होस्ट गटावर दिले जातात. वाचन, वाचन-लेखन आणि मनाई असे त्यांचे प्रकार आहेत. एकाच होस्टवर अनेक गटांतून अधिकार येत असतील, तर मनाई सर्वांवर मात करते; मनाई नसल्यास अधिक व्यापक अधिकार लागू होतो.

उपगटांच्या बाबतीत तीन नियम ध्यानात घ्यावे लागतात. पालक गट आधीच अस्तित्वात असताना त्याखाली नवा उपगट निर्माण केला, तर पालकावरील अधिकार उपगटास मिळतात. याउलट उपगट आधी आणि पालक नंतर निर्माण झाला, तर पालकावर कोणाचेही अधिकार आपोआप येत नाहीत. तसेच पालकावरील अधिकारांत पुढे केलेला बदल उपगटांपर्यंत आपोआप झिरपत नाही. ‘सर्व उपगटांस लागू करा’ हा पर्याय प्रमुख प्रशासकाने जाणीवपूर्वक वापरावा लागतो. म्हणजेच सारख्या दिसणाऱ्या दोन उतरंडींमागचे अधिकार, त्या कोणत्या क्रमाने बांधल्या गेल्या यावरून, भिन्न असू शकतात. पडद्यावर हा भेद दिसत नाही.

याचा इशाऱ्यांशी थेट संबंध आहे. झॅबिक्समध्ये ज्या वापरकर्त्यास होस्टवर किमान वाचनाचा अधिकार नाही, त्यास त्या होस्टविषयी इशारा पाठवला जात नाही. कृतीच्या नियमात त्याचे नाव असले तरीही नाही. अधिकार राहून गेल्याचे लक्षण म्हणून कोणतीही तक्रार पुढे येत नाही. येते ती शांतता, आणि देखरेखीत शांतता म्हणजे सर्व आलबेल असाच अर्थ घेतला जातो.

येथेच अनेक उतरंडींच्या प्रश्नाचे उत्तरही दडलेले आहे. प्रत्येक उतरंड होस्ट गटांनी उभारली, तर ‘प्रकार/स्विच’ हा गट पाहता यावा म्हणून पेणकरपाड्याच्या कर्मचाऱ्यास त्यावर वाचनाचा अधिकार द्यावा लागेल आणि त्याबरोबर त्या गटातील सर्व ठिकाणचे स्विच त्याच्यासमोर उघडे होतील. म्हणून ज्या उतरंडीवरून उत्तरदायित्व ठरते तेवढीच गट-उपगटांनी बांधावी आणि वीजपुरवठा, उपकरणाचा प्रकार, सेवा इत्यादी इतर वर्गीकरणे होस्टला जोडलेल्या टॅगच्या रूपाने ठेवावीत. टॅगवरून निवड करता येते. अधिकार मात्र गटाच्या मर्यादेतच राहतात. आयसिंगामध्ये हेच काम होस्टच्या नोंदीतील चले करतात. नागिओसमध्ये वापरकर्ता ज्या होस्टचा संपर्कव्यक्ती म्हणून नोंदलेला असतो तेच सामान्यतः त्यास दिसतात. त्यामुळे तेथे गटापेक्षा संपर्कव्यक्तींची नेमणूक तपासणे अगत्याचे ठरते.

इशारे आणि देखभालीचा कालावधी

झॅबिक्समध्ये इशाऱ्याच्या नियमात पालक गट निर्दिष्ट केला, की त्याखालील सर्व उपगट त्यात अध्याहृत धरले जातात. केवळ पालक गटापुरता नियम हवा असल्यास प्रत्येक उपगट नकारार्थी अटीने वगळावा लागतो. जिल्ह्याच्या मुख्य सर्व्हरसाठी म्हणून ‘ठाणे’ या गटावर लिहिलेला नियम अशा रीतीने पेणकरपाड्यातील प्रत्येक कॅमेऱ्याचा इशाराही मुख्य अभियंत्याकडे नेतो. रोज शेकडो क्षुल्लक इशारे येऊ लागले, की महत्त्वाचा इशाराही न वाचता सोडला जातो. यावर सोपा उपाय म्हणजे पालक गटात थेट होस्ट न ठेवणे. ‘ठाणे/मुख्यालय’ असा स्वतंत्र उपगट करून मुख्यालयाची उपकरणे त्यात ठेवल्यास वगळण्याच्या अटींची गरजच उरत नाही.

याहून गंभीर बाब देखभालीच्या कालावधीची आहे. नियोजित दुरुस्तीच्या वेळी अनावश्यक इशारे येऊ नयेत म्हणून काही तासांसाठी ते थोपवण्याची सोय असते. तेथेही पालक गट निवडला, की सर्व उपगट निवडले जातात. मुख्यालयातील एका राऊटरच्या दुरुस्तीसाठी ‘ठाणे’ हा गट देखभालीत टाकला, तर तेवढा वेळ मीरा-भाईंदरपर्यंतचे सर्व इशारे थोपले जातात. त्या रात्री पेणकरपाड्यातील एखाद्या दवाखान्याचा संगणक खरोखरच बंद पडला, तरी त्याचा निरोप कोणालाही जात नाही. देखभालीसाठी सर्वांत खालचा पुरेसा उपगट, किंवा एकटा होस्ट, निवडावा असा दंडक असणे म्हणूनच आवश्यक आहे.

सीमाबदल आणि नामांतर

उपगटांची खरी कसोटी रचना बदलताना लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे ८ तालुके नव्या जिल्ह्यात गेले. मीरा-भाईंदर ठाण्यातच राहिले. असा बदल झॅबिक्सच्या उतरंडीत उतरवायचा झाल्यास ‘ठाणे/वसई’ या गटाचे नाव ‘पालघर/वसई’ करणे पुरेसे वाटते. परंतु अधिकार नावाला जोडलेले नसून गटाच्या अंतर्गत ओळखक्रमांकाला जोडलेले असतात. त्यामुळे नाव बदलल्यावरही ठाण्याच्या कर्मचाऱ्यांचे जुने अधिकार तसेच राहतात आणि पालघरच्या कर्मचाऱ्यांना नवे अधिकार मिळत नाहीत. परिणामी ज्याच्याकडे आता काम नाही त्याला सर्व दिसते आणि ज्याच्याकडे काम आहे त्याला काहीच कळत नाही.

नामांतराची अडचण वेगळी. औरंगाबाद जिल्हा व विभाग यांचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. झॅबिक्समध्ये पालक गटाचे नाव बदलले तरी उपगटांच्या नावातील जुना भाग आपोआप बदलत नाही. प्रत्येक उपगटाचे नाव स्वतंत्रपणे बदलावे लागते. एखादा राहून गेल्यास तो जुन्या नावाखाली अनाथ पडतो आणि नव्या पालक गटावरील नियम व देखभालीचे कालावधी त्याला लागू होत नाहीत. नियमावर आधारलेल्या आयसिंगाच्या पद्धतीत ही अडचण कमी असते, कारण तेथे होस्टच्या नोंदीतील ठिकाण बदलले की सभासदत्व पुन्हा ठरते. मात्र नियमात लिहिलेले जुने नाव बदलण्यास विसरल्यास तेथेही गट रिकामा राहू शकतो.

यावरून दुसरे सूत्र निघते : वारंवार बदलणाऱ्या सीमा उतरंडीच्या पायऱ्या करू नयेत. निवडणुकीच्या प्रभागांची फेररचना होत असते. म्हणून प्रभागक्रमांक टॅगमध्ये ठेवावा. वस्तीचे नाव तुलनेने स्थिर असते. ते उपगटात शोभते.

गट म्हणजे जोडणी नव्हे

एक सार्वत्रिक गैरसमज येथे दूर करणे इष्ट ठरेल. दोन उपकरणे एकाच उपगटात आहेत म्हणून एकाचा मार्ग दुसऱ्यातून जातो, असे प्रणाली मानत नाही. पेणकरपाड्याचा राऊटर बंद पडला की त्यामागील सर्व उपकरणे निरुत्तर होतात आणि प्रत्येकाचा इशारा स्वतंत्र येतो. नागिओसमध्ये हे टाळण्यासाठी होस्टच्या व्याख्येत ‘पेरेंट्स’ हा वेगळा निर्देश असतो. त्यावरून प्रणाली मागील उपकरणांना ‘बंद’ न म्हणता ‘पोहोचता न येणारी’ ठरवते. झॅबिक्समध्ये यासाठी ट्रिगरांमधील अवलंबित्व नोंदवावे लागते. गट उत्तरदायित्व सांगतात. जोडणी स्वतंत्रपणेच सांगावी लागते.

रचनेची कार्यपद्धती

वरील विवेचनाच्या आधारे पुढील क्रम सुचवता येईल. प्रथम कागदावर प्रत्येक होस्टपुढे ‘हे बंद पडल्यास कोण धावून जाणार’ याचे उत्तर लिहावे आणि त्या उत्तरांवरून पायऱ्या ठरवाव्यात. पायऱ्या तीन-चारांपेक्षा अधिक नसाव्यात. पालक गट आधी, त्यावरील अधिकार त्यानंतर आणि उपगट शेवटी, या क्रमाने निर्मिती करावी. होस्ट केवळ शेवटच्या पायरीवरील उपगटांत ठेवावेत. इतर सर्व वर्गीकरणे टॅगमध्ये नोंदवावीत.

शेवटची पायरी पडताळणीची. प्रत्येक उपगटातील एक बिनमहत्त्वाचे उपकरण ठरवून बंद करावे आणि इशारा अपेक्षित व्यक्तीच्या हाती पोहोचतो की नाही, हे त्या व्यक्तीकडूनच विचारून घ्यावे. प्रशासकाच्या पडद्यावर इशारा दिसणे हा पुरावा नव्हे, कारण प्रमुख प्रशासकास सर्वच दिसते. कर्मचाऱ्यांची बदली, हद्दीतील फेरफार किंवा नामांतर यांनंतर हीच पडताळणी पुन्हा करणे अगत्याचे आहे.

समारोप

उपगटांची सोय ही मोठ्या जाळ्यांसाठी वरदान आहे. एका पालक गटावर केलेली एक कृती शेकडो उपकरणांपर्यंत पोहोचते. परंतु काही बाबतींत ही पोहोच आपोआप असते आणि काहींत नसते. इशाऱ्यांचे नियम व देखभालीचा कालावधी उपगटांपर्यंत झिरपतात. बदललेले अधिकार व बदललेली नावे झिरपत नाहीत. हा भेद ठाऊक नसलेल्या रचनेत दोष राहिला, तर तो कोणत्याही पडद्यावर लाल अक्षरांत उमटत नाही. पेणकरपाड्यासारखे स्थळ महसूल, पोलीस, दूरध्वनी आणि वीज या चार उतरंडींत चार वेगवेगळ्या ठिकाणी असते. त्यांपैकी कोणती उतरंड गटांनी बांधावी हा निर्णय संगणकाचा नसून संस्थेचा आहे. ‘कोण उत्तरदायी’ या प्रश्नाचे उत्तर संस्थेने आधी दिले असेल, तरच उपगट ते उत्तर योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोहोचवू शकतात.